भाडं माफ न करणाऱ्या आक्का

आक्कांनी कधी कुणाचं भाडं माफ केलं, असं बेळगावच्या शहापुरात कुणाच्या ऐकिवात नाही. त्यांच्या माडीवर राहून शिकलेल्या मुली आज ठिकठिकाणी प्राध्यापक आहेत, कुणी प्रयोगशाळेत आहेत, एकदोघी परदेशात आहेत, आणि कधी भेटल्या की पहिला विषय निघतो तो आक्कांच्या भाड्याचा. एक तारीख उजाडली की आक्का जिन्याच्या खालच्या पायरीशी उभ्या राहायच्या आणि वर तोंड करून हाक मारायच्या, "खाली या गं, तारीख झाली." उद्या देते म्हणणारीवर त्या ओरडायच्या नाहीत. "आज का न्हाई?" एवढंच विचारायच्या आणि खरं उत्तर येईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. त्यापेक्षा ओरडा परवडला असता.

मी एम.एस्सी.ला बेळगावात आले तेव्हा त्या माडीवर राहायला गेले. आमचं गाव निपाणीजवळ. आप्पा तंबाखू आणि ऊस करतात. गावाकडून रोज येऊन-जाऊन प्रयोगशाळेची वेळ साधत नव्हती, म्हणून खोली घेतली. आक्का तोवर रिटायर झाल्या होत्या. मुलींच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर केमिस्ट्री शिकवली होती. लग्न केलं नव्हतं. त्यांचं माहेरही निपाणीकडचंच, जैन शेतकऱ्याचं घर, त्यामुळे मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या तोंडात सारख्याच चवीनं घोळायच्या. उंच, शेलाट्या, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात पुरुषी चपला. बायकांच्या चपला चालण्यासाठी नसतातच, असं त्यांचं मत होतं. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्याही "मी जातो, मी सांगतो" असंच बोलायच्या. त्यांच्या तोंडी ते इतकं शोभायचं की पुण्यामुंबईच्या पाहुण्यांनाही हसायचा धीर व्हायचा नाही.

माडीचे नियम विचारू नका. कांदा, बटाटा, लसूण वर न्यायचा नाही. आक्का सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, आणि सल्ला विचारायचा तो त्यांच्या जेवणाआधी. जेवणानंतर त्या फक्त हवापाण्यावर बोलत. गल्लीत दिवसभर विणकरांच्या मागांचा खडखडाट चालायचा. त्यामुळे आक्कांचा आवाज मुळातच चढा होता, आणि त्या कुजबुजल्या तरी समोरच्या घराला कळायचं.

मला त्यांचा पहिल्यांदा राग आला तो माझ्या खोलीतल्या मैत्रिणीपायी. ती खानापूरकडची. तिच्या वडिलांचं अचानक ऑपरेशन झालं आणि घरून पैसे यायचे थांबले. एक तारखेला ती खाली गेली आणि रडतच म्हणाली, "आक्का, या महिन्याचं सोडा." आक्का म्हणाल्या, "सोडणार न्हाई." मी वरून ऐकत होते. असलं दगडाचं काळीज बाईमाणसाचं असतं का, असं माझ्या मनात आलं. मग आक्कांनी तिला झोपाळ्यावर बसवलं, पुढ्यात लिंबू सरबत ठेवलं आणि म्हणाल्या, "मी भाडं सोडलं तर तुला काय कळलं? आक्का बरी हाय, एवढंच कळलं. पैसा कुठं असतोय ते कळलं काय? तुमच्या कॉलेजात गरजू पोरींसाठी फंड हाय. कुनी मागत न्हाई म्हनून तो पडून ऱ्हातोय. उद्या प्रिन्सिपॉलकडं जा."

ती गेली. फंडातून तिचं भाडं निघालं आणि मेसचंही भागलं. आक्कांनी भाडं मोजून घेतलं, पावती फाडली आणि ती तिच्या हातात देता देता म्हणाल्या, "आता म्होरच्या म्हयन्याचं कुठनं आणनार?" ती मैत्रीण आजही दर उन्हाळ्यात त्यांना आंब्याची पेटी पाठवते. आक्का पेटी ठेवून घेतात आणि आंबा कसा निघाला ते फोन करून स्पष्ट सांगतात.

विद्यार्थ्याला पैसा कुठून मिळू शकतो, हा आक्कांचा ध्यास होता. दुसरी माणसं सकाळी देवाची स्तोत्रं म्हणतात, आक्का चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल हातभर लांब धरून विद्यापीठांच्या वेबसाइट मोठ्यानं वाचायच्या. कुठलं पोर्टल कधी उघडतं, कुठं आधार बँकेला जोडलं नसलं की अर्ज अडकतो, कुठल्या फेलोशिपला घरभाडं वेगळं मिळतं, सगळं. त्यांचा हिशोब सरळ होता. "बी.एस्सी.पर्यंत बापानं शिकवावं. एम.एस्सी.ला निम्मं आपलं आपन बघावं. आनि पीएच.डी. पदरचं घालून करतोय त्याला मी खुळा म्हनतो. संशोधन हे काम हाय. कामाला पगार नको?"

त्या स्टायपेंडला पगारच म्हणायच्या. एखादीचे आईवडील भेटायला आले आणि "अजून किती वर्षं शिकणार ही?" म्हणाले, की आक्का त्यांना बसवून घ्यायच्या. देशभराची परीक्षा देऊन मिळणारी फेलोशिप ही एक वाट, राज्य सरकारची दुसरी. ती नाही जमली तर एखाद्या प्राध्यापकाला प्रोजेक्ट मिळालेला असतो, त्यात मदतनीस म्हणून घेतात आणि महिन्याच्या महिन्याला पैसे देतात. विभागात खालच्या वर्गांचे तास किंवा प्रात्यक्षिकं घेतली तर त्याचे मिळतात. शिवाय समाजाचे ट्रस्ट आहेतच. हे सगळं त्या इतकं रंगवून सांगायच्या की आलेला बाप घाबरून विचारायचा, "मग हिला आता कुठल्या नोकरीला लावायची म्हणताय?" आक्का म्हणायच्या, "याच."

फोनवर तर त्यांना ऐकत राहावं. पलीकडे धारवाडचा कारकून असो नाहीतर कोल्हापूरचा, आक्कांचा पहिला प्रश्न, "यावूर?" म्हणजे गाव कुठलं. मग त्याचं गाव, त्याची शाळा, त्याच्या शाळेतले मास्तर, त्या मास्तरांची आक्कांच्या हाताखाली शिकलेली मुलगी. तेवढ्यात चार महिने न सापडलेला अर्ज त्या माणसाच्या टेबलावरच सापडलेला असायचा. हे सगळं गोडीगुलाबीनं. कानडी माणसाशी कानडीत आणि मराठी माणसाशी मराठीत. फक्त चिडल्या की उलट व्हायचं. कोल्हापूरच्या बिचाऱ्याला अस्सल चिकोडी कानडीत शिव्यांसारखं काहीतरी ऐकू यायचं आणि तो न समजताच "हो मॅडम, हो मॅडम" करायचा.

पण आक्कांची खरी शाळा भरायची ती घरापुढच्या ओट्यावर. मुलाखत किंवा कुठल्या साहेबाची भेट ठरली, की त्या मुलीला खुर्चीवर बसवून आक्का स्वतः साहेब व्हायच्या. साहेब म्हणून त्या भयंकर होत्या. मुलीनं आपलं मागणं मांडायचं. त्यात "सॉरी" आलं, "प्लीज" आलं, "जमलं तर बघा" आलं, की आक्का काही न बोलता उठून तुळशीला आणि जास्वंदीला पाणी घालायला जायच्या. आल्या की पहिल्यापासून सुरू. पावसाळ्यातसुद्धा त्या झाडांना पाणी मिळायचं. एका मुलीच्या तालमीत बिचारी जास्वंद कुजली आणि नवी लावावी लागली.

आणि सगळ्यात अवघड धडा शेवटी. "मागून झालं की गप बसायचं. एक शब्द बोलायचा न्हाई. तुमी काय करता, मागता आनि लगेच म्हनता, न्हाई मिळालं तरी चालंल. का चालंल? समोरच्याला विचार करू दे की." आम्ही मागायचो आणि गप बसायचो. आक्का साहेबाच्या नजरेनं बघत राहायच्या. माग खडखडायचे, आमच्या मानेवरून घाम ओघळायचा आणि कुणीतरी फिसकन हसायचं. हसलं की पुन्हा जास्वंदीला पाणी.

स्वतःच्या माणसांपुढेही आक्का तशाच होत्या. निपाणीच्या व्यापाऱ्यांचा एक ट्रस्ट होता आणि त्यांचे चुलतभाऊच त्याचे अध्यक्ष. दरवर्षी ते मुलामुलींना शिष्यवृत्ती द्यायचे. मोठा समारंभ, हार, शाल, नारळ, स्टेजवर सगळ्या विश्वस्तांच्या पाया पडणं आणि फोटो. माडीवरच्या एकीला ती शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आक्का मलाही बरोबर घेऊन गेल्या. भावानं प्रेमानं पहिल्या रांगेत बसवलं आणि भाषण करायला सांगितलं. आक्का माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमी वर्षातनं एकदा देताय. पोरीस्नी भूक म्हयन्याला लागतीया, रोज लागतीया. म्हयन्याला द्या. आनि ही शाल ऱ्हाऊ द्या, तेवढं त्यातच घाला." एवढं बोलून त्या तिथंच उभ्या राहिल्या. खाली बसल्या नाहीत. हॉलमधले पंखे तेवढे ऐकू येत होते. अण्णांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि शेवटी मान हलवली. पुढच्या वर्षापासून पैसे महिन्याला खात्यात यायला लागले. शाल मात्र चालूच राहिली, ती बंद करणं बहुधा कुणाच्याच हातात नव्हतं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी आक्कांच्या शेजारी बसले होते आणि खरं सांगते, मला त्यांच्याकडे सरळ बघायचं धाडस होईना. एवढी निर्भय बाई मी तोवर पाहिली नव्हती.

माझी पाळी आली ती एम.एस्सी. संपताना. तंबाखूच्या मातीतल्या जिवाणूंवर मला काम करायचं होतं. शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठात मी प्रवेश परीक्षा पास झाले. देशपातळीवरची फेलोशिप मात्र थोडक्यात हुकली होती. आता मुलाखत देऊन जुलैत रुजू व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरात धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग चालू होतं. गडहिंग्लजकडचं एक स्थळ चांगलं म्हणून आई मागे लागली होती. पैशाची सोय झाली तर संशोधन, नाहीतर त्याच उन्हाळ्यात लग्न, इतकं ते सरळ होतं. घरात कुणी वाईट वागत नव्हतं, ही त्यातली खरी अडचण.

मामांनी तोडगा काढला. मामा सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, कागलच्या बाजूला राहतात. आमच्या सीमेवरच्या गावांत हे घरोघरी चालतं. राहायचं इकडे, आणि दाखला काढायचा पलीकडच्या पाहुण्याच्या पत्त्यावर. तिकडच्या राज्याची संशोधनाची फेलोशिप तिथल्या रहिवाशांनाच मिळते, म्हणून मामांनी माझा त्यांच्या घरचा रहिवासी दाखला काढायचं ठरवलं. आप्पाही म्हणाले, "सगळीच काढत्यात."

मी आनंदानं आक्कांना सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"त्या घरात तू राहिलीयास?" त्यांनी विचारलं.

"सुट्टीला जातो की आक्का."

"सुट्टीला मी धर्मस्थळालाबी जातो. तिथला दाखला काढू?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "ऐक. ते कधी सापडंल, न सापडंल, ती गोष्ट वेगळी. पन खोट्या पत्त्यावर मागायला गेलीस की तुझा आवाज बारीक हुतोय. बारीक आवाजाला कोन देतंय? खरं गाव सांग आनि मोठ्यानं माग."

मी दाखला घ्यायला नाही म्हणाले. मामा चिडले आणि पुढे बरेच दिवस आमच्याकडे आले नाहीत. आई म्हणाली, त्या म्हातारीनं पोरीच्या डोक्यात काय भरवलंय कुणास ठाऊक. मला स्वतःलाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. हातातली फेलोशिप मी एका भाडं न सोडणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून घालवली होती.

विद्यापीठात मुलाखत झाली. संशोधनाचे प्रश्न बरे गेले. मग समितीच्या अध्यक्षांनी माझी कागदं उलटून बघितली आणि म्हणाले, "तुम्ही कर्नाटकातल्या. आमच्या राज्याची फेलोशिप तुम्हाला लागू नाही. प्रवेश देता येईल, पण पैशाचं तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

माझ्या तोंडातून ओट्यावरचं वाक्य बाहेर पडलं. "सर, मी पूर्ण वेळ काम करणार आहे. त्यासाठी मला दर महिन्याला स्टायपेंड लागेल. विभागाकडे किंवा कुठल्या प्रोजेक्टमध्ये जागा असेल तर मला ती द्या." आणि मी गप्प बसले.

अध्यक्ष पेनाचं टोपण उघडझाप करत होते. कुणीतरी खोकलं. "सॉरी सर, नसेल तर राहू दे" हे शब्द अगदी ओठांवर आले होते आणि मी ते दातांनी धरून ठेवले. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एक प्राध्यापक बाई म्हणाल्या, "माझ्या प्रोजेक्टमध्ये एक जागा आहे. मातीचंच काम आहे. ही चालेल मला." मी बाहेर आले. बेळगावात बसून, न दिसता, एका म्हाताऱ्या बाईनं मला त्या खोलीत धरून ठेवलं होतं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

पण एवढ्यानं भागलं नव्हतं. प्रोजेक्टच्या बाईंनी खरं ते सांगून टाकलं. जागा पक्की, पण मंजुरीची कागदं फिरून पहिला पगार हातात यायला दिवाळी उजाडेल. तोवर हॉस्टेल आणि मेस माझं मला बघायचं. जुलै ते दिवाळी. निपाणीच्या ट्रस्टचे अर्ज संपले होते. बँकेचं शैक्षणिक कर्ज असल्या खर्चाला वेळेत मिळेना. कॉलेजचा फंड तिथं शिकणाऱ्यांना, मी तर बाहेर पडले होते. आक्कांनी फोनवर फोन केले, दोन्ही भाषांत गोड बोलल्या, दोन्ही भाषांत चिडल्या. कुठंच जमेना.

एका संध्याकाळी, त्यांच्या जेवणाआधी, मी खाली गेले आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले. म्हणाले, "आक्का, दिवाळीपर्यंतचा खर्च तुम्ही द्या. पगार सुरू झाला की फेडतो." आणि गप्प बसले.

आक्कांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मला वाटलं, झालं, सुटले.

"झकास मागितलंस," त्या म्हणाल्या. "न्हाई देत."

मला रडूच फुटलं. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "आता कोन ऱ्हायलं?"

"कुनी न्हाई."

"बाप?"

मी डोळे पुसायची थांबले. घरी मी एम.एस्सी.ला आल्यापासून ऐटीत सांगत आले होते, माझं मी बघतो, माझी काळजी करू नका. त्याचं सगळ्यांना कौतुक होतं. भावाची फी, बोअरचा खर्च, आप्पांचं सारखं आभाळाकडे बघणं, हे समोर असताना आणखी आपलं काय मागायचं? प्रिन्सिपॉलकडे, साहेबांकडे, विश्वस्तांकडे, अनोळखी प्राध्यापकांकडे मी मागितलं होतं. आप्पांकडे कधी नाही.

"त्यांच्याकडं नसतील आक्का," मी म्हणाले.

"असतील, नसतील. ते त्यांना सांगू दे. तू त्यांच्या वतीनं न्हाई म्हनायला त्यांची कारकून हाईस काय?" आक्का उठल्या. "माझी जेवायची वेळ झाली."

आप्पा त्या आठवड्यात टेम्पो घेऊन आले. माझी गादी, पेटी, पुस्तकं गावी न्यायला. सोय झालेली नाही, एवढं त्यांना फोनवर कळलं होतं. त्यांनी जिन्यापाशी चपला काढल्या आणि ओट्यावर अंग चोरून बसले, सरकारी ऑफिसात बसतात तसे. आक्कांनी ताकाचा ग्लास दिला. चांगली माणसं भेटली की बोलतात तसं पाऊस, तंबाखूचा दर, रस्ता, सगळं बोलून झालं. टेम्पोवाला रस्त्यावरून हॉर्न द्यायला लागला. आक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या जास्वंदीची वाळकी पानं खुडत होत्या.

मुलाखतीत न हललेला माझा आवाज तिथं पार फाटला. "आप्पा," मी म्हणाले, "मला जायचं हाय. दिवाळीपतोर हॉस्टेलचं आणि जेवणाचं तुमी द्या."

आप्पांनी ग्लास खाली ठेवला. ताकाची मिशी पुसली.

"आईनं बँकेत पैसं ठेवल्यात की," ते म्हणाले. "तू बारावी झालीस तवापास्नं. तुझ्या नावचंच हाय ते."

"ते लग्नाचं हाय न्हवं?"

आप्पा आक्कांकडे वळले, आणि माझी तक्रार सांगावी तसं, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "कवाच मागितलं न्हाई वो हिनं, आक्का. मागितलं न्हाई म्हनून ते लग्नाचं झालं."